उत्तर चीनमधल्या ६०० गावांतील मावश्यांना आणि आज्यांना, मनापासून आभार

आदरणीय मावश्यांनो आणि आज्यांनो,

हबेई, ल्याओनिंग, निंगश्या, शान्शी आणि शेन्शी. या पाच प्रांतांतल्या ६०० गावांत २०१४ पासून पुढे जवळजवळ पाच वर्षं एक अभ्यास चालला: नेहमीच्या मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ वापरलं तर पक्षाघात (स्ट्रोक) टळतात का, हे पाहणारा. त्यात २०,९९५ माणसं होती. त्यांपैकी जवळपास निम्म्या तुम्ही बायका, आणि सरासरी वय ६५. २०२१ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा ब्रूस नील, वू यांगफेंग, ट्यान माओयी या संशोधकांची नावं जगभर गेली, आणि ती जायलाच हवी होती. पण कढईत मीठ टाकणारा हात बहुतेक घरांत तुमचा होता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्यातल्या दर चौघांमागे जवळजवळ तिघांना आधी एकदा पक्षाघात होऊन गेलेला होता. उरलेल्यांचं वय साठीच्या पुढे आणि बीपी वाढलेलं. आजारातून उठलेल्या, औषधं चालू असलेल्या, घरचा आणि शेताचा व्याप सांभाळणाऱ्या बायकांनी एका अभ्यासासाठी घरची चव बदलायला होकार दिला. हृदयविकाराच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही ही किती मोठी गोष्ट आहे ते लगेच कळतं. सल्ला देणं सोपं असतं, रोजच्या जेवणातलं मीठ बदलणं फार अवघड.

निम्म्या, म्हणजे ३०० गावांना जे मीठ मिळालं त्यात साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, ७५ टक्के आणि पोटॅशियम क्लोराइड २५ टक्के होतं. हे प्रमाण विचार करून धरलेलं होतं. पोटॅशियम क्लोराइड त्याहून बरंच वाढवलं की जिभेच्या मागे कडवट, धातूसारखी चव रेंगाळते आणि मग घरातले लोक गुपचूप जुन्या मिठाची पिशवी शोधतात. चतुर्थांशावर ठेवलं तर बहुतेकांना फरक जाणवत नाही. मीठ फुकट होतं आणि माणशी दिवसाला २० ग्रॅम या हिशेबाने दिलं जात होतं. एवढं मीठ कुणी एकटं खात नाही. पण मीठ घरात एकच असतं, सुनेची भाजी वेगळ्या मिठात आणि सासूची वेगळ्या असं होत नाही, आणि खारवलेल्या भाज्यांच्या मडक्यालाही मीठ लागतंच. पुरवठा तोकडा पडला असता तर तुम्ही ते फक्त आजारी माणसाच्या ताटासाठी राखून ठेवलं असतं आणि सगळा हिशेब बिघडला असता.

निकाल असा आला. नेहमीचं मीठ खाणाऱ्या गावांत दर हजार माणसांमागे वर्षाला ३३.६५ पक्षाघात, तुमच्या नव्या मिठाच्या गावांत २९.१४. मृत्यू तिकडे ४४.६१, इकडे ३९.२८. म्हणजे पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. वरचं बीपी सरासरी ३.३ अंकांनीच उतरलं होतं. एकट्या रुग्णासमोर बसलेला डॉक्टर एवढ्याशा उतरणीकडे लक्षही देणार नाही. पण गावच्या गाव तीन अंकांनी खाली आलं की काय घडतं ते तुमच्यामुळे मोजून दिसलं. पुढे, आधी पक्षाघात झालेल्या १५,२४९ जणांचा वेगळा हिशेब मांडला गेला. त्यांच्यात पुन्हा पक्षाघाताचा झटका येण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं होतं, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन येणाऱ्या झटक्यांचं त्याहूनही जास्त.

हे तुमच्याच देशात तपासणं का गरजेचं होतं, तेही सांगायला हवं. तुमच्या घरांत जे सोडियम पोटात जातं त्यातला मोठा भाग स्वयंपाकघरातूनच येतो: वरून टाकलेलं मीठ, सोया सॉस, आंबवलेल्या सोयाबीनची चटणी, सकाळच्या पेजेबरोबरच्या खारवलेल्या भाज्या. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे अडीच ग्रॅम मीठ असतं. म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दिवसाच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेतलं निम्मं एका चमच्यातच संपलं. जिथे मीठ पाकिटबंद पदार्थांतून येतं तिथे घरचं मीठ बदलून फारसं साधत नाही, कारखान्यांच्या मागे लागावं लागतं. तुमच्याकडे किल्ली तुमच्याच हातात होती.

तुमच्या हृदयाबद्दल एक गोष्ट फार कमी बोलली जाते. २०१८ च्या पाहणीत चीनमधले ५०.५ टक्के पुरुष तंबाखू ओढणारे निघाले, बायका अवघ्या २.१ टक्के. त्यामुळे हृदयविकार हा पुरुषांचा आजार अशी समजूत पक्की होते. पण नवऱ्याच्या सिगारेटचा धूर त्याच खोलीत तुमच्याही छातीत जातो. त्यात कोळशा-लाकडाच्या चुलीचा धूर भर घालतो. दहा भागांतल्या ५ लाखांहून अधिक लोकांचा जो मोठा अभ्यास २००४ पासून चालू आहे, त्यात ५९ टक्के बायका आहेत. त्यातल्या ग्रामीण भागांत, कोळसा-लाकडावर रांधणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका स्वच्छ इंधन वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त दिसला. आणि पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, धमन्या ताठर होत जातात, मूत्रपिंडं सोडियम बाहेर टाकण्यात मागे पडतात. चाळिशीत जे मीठ पचत होतं तेच पंचावन्नाव्या वर्षी बीपी वर चढवतं. ज्यांना गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता त्यांना हा धोका अधिकच, मग बाळंतपणाला तीस वर्षं का लोटली असेनात. तपासताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो सहसा विचारला जात नाही.

तुमच्या गावडॉक्टरांचेही आभार याच पत्रात मानायचे आहेत. अनवाणी डॉक्टर, म्हणजे थोडं प्रशिक्षण घेऊन आपल्याच गावात उपचार करणारे गावकरी, त्यांच्या परंपरेतून आलेली ही माणसं. ल्याओनिंग, शेन्शी आणि हुबेईतल्या ३२६ गावांत आणखी एक मोठा प्रयोग झाला, ३३,९९५ माणसांवर. त्यात बीपीची औषधं ठरलेल्या टप्प्यांनी सुरू करणं आणि वाढवणं हे काम गावडॉक्टरांवर सोपवलं होतं, वर मोठ्या डॉक्टरांची देखरेख. औषधं स्वस्त करून दिली, घरी बीपी मोजायला शिकवलं. १८ महिन्यांनी बीपी १३०/८० च्या खाली आलेल्यांचं प्रमाण तिथे ५७ टक्के होतं आणि नेहमीच्या उपचारांच्या गावांत १९.९ टक्के. तीन वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात एक तृतीयांशाने घटले.

यातलं बरंचसं यश अगदी साध्या शिस्तीचं आहे. थंडीत जाड, कापूस भरलेल्या कोटावरूनच पट्टा बांधला, किंवा बाही वर सरकवून तिचा पीळ दंडाला आवळला, की आकडा चुकतो. बाही पूर्ण काढायची, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या उंचीवर, बोलायचं नाही, आणि मिनिटभराच्या अंतराने किमान दोनदा मोजायचं. हिवाळ्यात बीपी तसंही चढतं. उन्हाळ्यात बेतलेली गोळी जानेवारीत पुरेलच असं नाही.

तुमच्या अनुभवातून आमच्याकडे काय आलं तेही कळवतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये कमी सोडियमच्या मिठाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यांना आधार देणाऱ्या पुराव्यात तुमच्या गावांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यातही मीठ मुख्यतः घरातूनच पोटात जातं: आमटी-भाजी, लोणचं, पापड, सुकी मासळी. म्हणून तुमचा धडा आम्हाला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. दुकानात पाकीट उलटून पोटॅशियम क्लोराइड किती टक्के आहे ते वाचायचं, आयोडीन आहे ना ते पाहायचं. सैंधव म्हणजे कमी सोडियमचं मीठ असं अनेक घरांत मानतात, पण तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. आणि चव जरा मिळमिळीत वाटली म्हणून दुप्पट मीठ घातलं तर सोडियम आधीपेक्षाही वाढतं.

हे मीठ सगळ्यांसाठी नाही, तेही तुमच्या अभ्यासाने आधीच सांभाळलं होतं. ज्यांचं मूत्रपिंड गंभीररीत्या बिघडलंय, किंवा ज्यांना पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या लघवीच्या गोळ्या (स्पायरोनोलॅक्टोन ही त्यातली नेहमीची) किंवा पोटॅशियमची औषधं चालू आहेत, त्यांना यात घेतलंच नव्हतं. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीवही जाऊ शकतो. एवढी काळजी घेतल्यावर पोटॅशियमचा गंभीर त्रास दोन्ही गटांत जवळपास सारखाच राहिला. आमच्याकडे मधुमेहाने मूत्रपिंडं दुखावलेल्या बायका पुष्कळ आहेत आणि अनेकींना ते ठाऊकही नसतं. म्हणून मीठ बदलण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. बीपीसाठी एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे मीठ घ्यावं.

हबेई हे नाव मराठी माणसाला परकं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ मध्ये त्याच प्रांतात, रुग्णसेवा करता करता वारले. त्या प्रांतातल्या गावांकडून आज आमच्या घरांसाठी काही येतं, याचं आम्हाला फार मोल आहे.

आता, ज्यांचे आभार कुणीच मानत नाही त्या मावश्यांसाठी. उरलेल्या ३०० गावांत तुम्ही नेहमीचंच मीठ खात राहिलात. पाच वर्षं गावडॉक्टर आला की चौकशीला उत्तर दिलंत, दंड पुढे केलात, काही जणींनी २४ तासांची लघवी बाटलीत साठवून दिलीत. नवं मीठ तुमच्या वाट्याला आलं नाही. तुमच्या गावांतले पक्षाघात आणि मृत्यू मोजले गेले नसते, तर शेजारच्या गावांत किती टळले हे कधीच कळलं नसतं. ३३.६५ हा आकडा तुमच्या घरांतल्या माणसांचा आहे. तो वाचताना आम्हाला ती घरं आठवतात, आणि तुमच्यापुढे आम्ही हात जोडतो.

आपले ऋणी,
महाराष्ट्रात हृदयरोग आणि आहारावर काम करणारे काही जण