खाण बंद झाल्यानंतरचे पाणी : खाण व पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय खाण व पर्यावरण मंत्री

विषय : कोळसा खाणींतील कचऱ्याच्या जबाबदारीची मुदत पाण्याच्या तपासणीवरून ठरवण्याबाबत

माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

कोळशाच्या खाणीला परवानगी देताना किती टन कोळसा निघेल आणि तो किती वर्षे पुरेल, याचा हिशेब फार बारकाईने मांडला जातो. त्याच खाणीतून कोळशाखेरीज जे बाहेर येते, त्याचा विचार मात्र बहुतेकदा ढिगाऱ्याची उंची, त्याचा उतार आणि त्यावर लावायची झाडे एवढ्यावरच थांबतो. उघड्या खाणीत एक टन कोळशासाठी त्याच्या कित्येक पट माती आणि खडक उपसावा लागतो, शिवाय कोळसा धुतल्यावर वॉशरीतून बारीक काळा गाळ निघतो तो वेगळाच. कोळसा जळून संपतो; हा माल जागेवर राहतो आणि पावसाचे पाणी त्यातून झिरपत ओढ्याकडे आणि भूजलाकडे जात राहते. म्हणून माझी मागणी एकच आहे : या कचऱ्याची जबाबदारी खाणमालकावर किती काळ राहावी, हे खाणीच्या आयुष्यावरून न ठरवता कचऱ्यातून पाझरणाऱ्या पाण्यावरून ठरवावे.

ही मागणी समजण्यासाठी ढिगाऱ्याच्या आत काय घडते ते पाहावे लागते. कोळशाच्या थरांत आणि त्यांच्या आजूबाजूच्या खडकांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे संयुग, अनेक ठिकाणी आढळते. जमिनीखाली हवेपासून दूर असेपर्यंत ते जवळजवळ निरुपद्रवी असते. खडक फोडून उघड्यावर टाकला, की हवा आणि पाणी त्याच्या प्रत्येक तुकड्यापर्यंत पोहोचतात आणि गंधकाम्ल तयार होऊ लागते. पाण्याचा सामू (pH) घसरला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झाले, की लोहावर जगणारे काही जिवाणू ही क्रिया आणखी वेगाने घडवून आणतात, त्यामुळे एकदा सुरू झालेली आम्लनिर्मिती आपोआप थांबण्याऐवजी वाढतच जाते. हे आम्ल खडकातील ॲल्युमिनियम आणि मँगनीज विरघळवून सोबत घेऊन जाते. पुढे ओढ्याच्या तळावर लोहाचा नारिंगी थर बसतो, आणि ज्या खडीत मासे अंडी घालतात व किडे वाढतात ती खडीच झाकली जाते. मेघालयातील जैंतिया टेकड्यांच्या खाणपट्ट्यातून आलेल्या आम्लयुक्त पाण्याने कोपिली जलविद्युत प्रकल्पातील पोलादी यंत्रसामग्री गंजली. जे पाणी पोलाद खाते, ते पिण्यासाठी किंवा शेतासाठी कसे असेल, हे निराळे सांगायला नको.

पाणी आम्लधर्मी नाही म्हणजे ते सुरक्षित आहे, असेही समजू नये. कॅनडातील एल्क खोऱ्यात खाणींच्या दगडांच्या ढिगाऱ्यांतून सेलेनियम नदीत उतरत राहिले. हे मूलद्रव्य अन्नसाखळीत साठत जाते, आणि माशांच्या पिलांमध्ये व्यंगे निर्माण करते. 2021 मध्ये तेथील खाण कंपनीला 6 कोटी कॅनेडियन डॉलरचा दंड झाला, पण तो 2012 मधील प्रदूषणाबद्दल होता. मधली 9 वर्षे नदी वाहतच होती. नियमांत केवळ सामू आणि गढूळपणा मोजण्याची अट ठेवली, तर असे प्रदूषण कागदावर उमटतच नाही.

ढिगारा कोठे रचला जातो, हा प्रश्न याहून जुना आहे आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. वेल्समधील ॲबरफॅन येथे खाणीच्या कचऱ्याचा ढीग झऱ्यांवर रचला गेला होता. ते झरे नकाशांवर नोंदलेले होते. 21 ऑक्टोबर 1966 रोजी पाण्याने फुगलेला तो ढीग शाळेवर आणि घरांवर कोसळला. त्यात 144 जण मृत्युमुखी पडले आणि त्यांतील 116 मुले होती. 26 फेब्रुवारी 1972 रोजी अमेरिकेतील बफेलो क्रीक येथे खाणकचऱ्याचाच बांध घालून अडवलेले काळे पाणी सुटले आणि 125 माणसे गेली. 1977 मध्ये अमेरिकेने उघड्या खाणींसाठी राष्ट्रीय कायदा केला, तरीही 2000 मध्ये केंटकीतील मार्टिन परगण्यात गाळाच्या तलावाचा तळ खालच्या जुन्या भुयारी खाणीत खचला आणि 100 कोटी लिटरहून अधिक गाळ ओढ्यांमध्ये गेला. बांध भक्कम होता की नव्हता, हा तेथे मुद्दाच उरला नाही. तळाखाली काय आहे, याला योग्य ते महत्त्व दिले गेले नव्हते.

म्हणून खोदकामाआधीच प्रत्येक थराच्या खडकाची आम्ल तयार करण्याची आणि आम्ल शमवण्याची क्षमता तपासली जावी, आणि आम्ल तयार करणारा खडक वेगळा काढून अशा रीतीने झाकला जावा की हवा व पाणी त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. झरा, ओढा किंवा पाणलोटाची घळ यांत कचरा भरण्यास कोणत्याही सबबीखाली परवानगी नसावी. हंगामी ओढासुद्धा ओढाच आहे; वर्षातून काही महिने कोरडा असतो एवढ्यावरून त्याला मोकळी जागा मानू नये. ढिगाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला निरीक्षण विहिरी असाव्यात, त्यांतील पाण्याचे नमुने खाण सुरू होण्यापूर्वीच घेतलेले असावेत आणि तपासणीचे आकडे सर्वांना पाहता यावेत. सुरुवातीची नोंद नसली, की पुढे 'पाणी पहिल्यापासूनच असे होते' या उत्तरापुढे गावकऱ्यांचे काही चालत नाही.

पण खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि येथेच बहुतेक नियम ढिले पडतात. खाणीची जमीन पूर्ववत करण्यासाठी खाणमालकाकडून घेतलेली ठेव ढिगाऱ्यावर गवत उगवले आणि उतार स्थिर झाला की परत केली जाते. गवताच्या मुळांखाली मात्र पायराइटची क्रिया अनेक दशके चालू शकते. तोवर कंपनी विसर्जित झालेली असते किंवा दिवाळखोरीत गेलेली असते आणि चुना टाकून आम्ल शमवण्याचा, त्यातून साचणारा गाळ काढण्याचा न संपणारा खर्च जनतेच्या तिजोरीवर येतो. म्हणून ठेवीची रक्कम पाण्याच्या दीर्घकालीन शुद्धीकरणाच्या खर्चावर आधारलेली असावी, आणि शुद्धीकरणाशिवाय पाझराचे पाणी सलग अनेक वर्षे मूळ नोंदीच्या पातळीवर राहिल्याखेरीज ती मोकळी करू नये.

यामुळे कोळसा महाग होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो महाग आजही आहे. फक्त त्याच्या किमतीचा एक भाग खाणीखालच्या अंगाला राहणारे लोक भरत आहेत. या आक्षेपाचे राजकीय वजन मी कमी लेखत नाही. अमेरिकेत ओढ्यांच्या संरक्षणाचा नियम अनेक वर्षांच्या तयारीनंतर डिसेंबर 2016 मध्ये प्रसिद्ध झाला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये, अंमल सुरू होऊन महिनाही झाला नसताना, रद्द झाला. या कारणासाठी वरील तरतुदी केवळ नियमावलीत न ठेवता मूळ कायद्यातच घालाव्यात, ही विनंती आहे.

नवा कायदा होण्यास वेळ लागेल. तोपर्यंत बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांची आणि गाळ-तलावांची यादी करून त्यांच्या पायथ्याशी पाझरणाऱ्या पाण्याची तपासणी आपल्या अधिकारात लगेच सुरू करता येईल. ती कोणत्या तारखेपासून सुरू होईल, हे आपण जाहीरपणे कळवावे, ही नम्र विनंती.

आपली नम्र,
भूजलाचा अभ्यास करणारी एक नागरिक