नगरसेवकाचे मत नावानिशी नोंदवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई महापालिकेच्या सभागृहात प्रस्ताव पुकारला जातो, बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असे आवाज येतात आणि ठराव संमत झाल्याचे जाहीर होते. माझ्या प्रभागातून निवडून गेलेल्या माणसाने त्या आवाजात आपला आवाज मिसळला होता का, हे मला कधीच कळत नाही. २२७ जणांच्या सभागृहात कोण कुठे उभा राहिला, हे मतदाराला कळायलाच हवे, म्हणून हे पत्र.

मी मुलुंड पूर्वेला राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे, त्यामुळे इतिवृत्त लिहायची सवय आहे. लिफ्ट बदलण्याचा ठराव आला तेव्हा सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती, विरोधात किती हे सगळे लिहिले. तळमजल्यावरच्या एका सभासदांनी ‘माझा विरोध नावासकट लिहा’ असे सांगितले. तसा लिहिला आणि पुढच्या सभेत वाचून कायमही केला. त्यांच्यावर कोणी रागावले नाही. आजही त्यांच्याकडे गणपतीचा प्रसाद आधी जातो. एका लिफ्टसाठी आम्ही एवढे करतो, तर रस्ते, रुग्णालये आणि पाणी ठरवणाऱ्या सभागृहाने याहून कमी का करावे?

कायदा आडवा येतो म्हणावे, तर तसेही नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे आणि मतांची नोंद कशी करायची हे त्यातच दिले आहे. पोल, म्हणजे मते मोजून मतदान, मागितला गेला, तर मते मोजणारे नेमायचे, हजर असलेल्या प्रत्येक नगरसेवकाचे मत घ्यायचे आणि बाजूने कोण, विरोधात कोण, त्यांची नावे इतिवृत्तात लिहायची. पण पोल मागितलाच नाही, तर ठराव संमत झाल्याची पीठासीन अधिकाऱ्यांची घोषणा आणि तिची नोंद हाच पुरावा ठरतो. किती मते पडली हे दाखवावे लागत नाही. म्हणजे नावे लिहिली जाणे हा अपवाद झाला. तो नियम व्हायला हवा, एवढीच माझी मागणी आहे.

२९ ऑगस्ट २०१९ ची, झाडे तोडायला परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची बैठक मुंबईकर विसरलेले नाहीत. आरे वसाहतीतील मेट्रो कारशेडसाठी २,१८५ झाडे तोडण्याचा आणि ४६१ झाडांचे पुनर्रोपण करण्याचा प्रस्ताव तिथे मतदानाने मंजूर झाला. त्यानंतर काही दिवसांतच दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले आणि तो निर्णय ज्या घाईत घेतला गेला त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्रीतून करवती चालल्या. मेट्रो हवी की नको, हा वाद मी इथे उकरत नाही. पण प्रस्ताव वाचून दाखवून, एकेकाचे नाव पुकारून ‘तुमचे मत काय?’ असे विचारले असते, तर ज्याला शंका होती त्याला तिथेच थांबून बोलता आले असते. नाव पुकारल्याने मत देणाऱ्यालाही विचार करायला उसंत मिळते. माझ्या लेखी हा फायदा सर्वांत मोठा आहे.

वेळ जातो, असे उत्तर मिळते. लोकसभेत मत नोंदवणारी यंत्रणा १९५७ पासून आहे. न्यूयॉर्कच्या नगर परिषदेतील प्रत्येक सदस्याचे मत संकेतस्थळावर नावासमोर वाचता येते. बटणाची सोय होईपर्यंत नावे पुकारायला अर्धा तास लागला तर लागू दे.

नावे उघड झाली की नगरसेवकांवर दबाव येईल, हे दुसरे उत्तर मला मुळीच पटत नाही. १९८६ च्या सदस्य अनर्हता अधिनियमानुसार पक्षादेश मोडून मत दिले तर पद जाऊ शकते. पक्ष आपल्या माणसाच्या मतावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. ते मत दिसत नाही ते फक्त मतदाराला. सभात्यागाचेही तसेच आहे. घोषणा देत बाहेर गेलेल्यांचे मत मोजणीत कुठेच नसते, मग प्रस्ताव आरामात मंजूर होतो आणि प्रभागात येऊन ‘आम्ही विरोध केला’ असे सांगता येते. तटस्थ, गैरहजर, सभात्याग, हे शब्दही नावापुढे लिहिले गेले पाहिजेत.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय झाला. जानेवारी २०२६ मध्ये आम्ही रांगा लावून पुन्हा सभागृह निवडून दिले. अर्थसंकल्प, मोठी कंत्राटे, भूखंडांच्या आरक्षणातील बदल आणि झाडांचे प्रस्ताव यांवर कुणी मागो न मागो, नावानिशी मतदान व्हावे आणि ती यादी आठवड्याच्या आत मराठीत संकेतस्थळावर यावी. त्यासाठी नियम बदलायला वेळ लागेल. पोल मागायला वेळ लागत नाही. आमच्या टी विभागातील (मुलुंडच्या) नगरसेवकांनी पुढच्या मोठ्या प्रस्तावावर तो मागावा आणि आपले मत कुठे पडले ते विभाग कार्यालयाच्या फलकावर लावावे, अशी त्यांना या पत्राद्वारे विनंती करते.

आपली,
एक मतदार, मुलुंड (पूर्व), मुंबई