गाडीविना शिकागो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शिकागोवरचा ‘दोन दिवसांत शहर’ छापाचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, लेखकाचा उत्साहही दांडगा आहे. पण ‘अमेरिकेत गाडी नसेल तर माणूस पांगळाच’ हे त्यातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मी निवृत्त टपाल कर्मचारी, सध्या शिकागोत मुलीकडे राहायला आले आहे. गाडी मला चालवता येत नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही. ज्यांची मुलं शॉम्बर्ग किंवा नेपरव्हिलसारख्या उपनगरांत राहतात त्यांच्यापुरतं लेखकाचं म्हणणं बरोबर आहे. तिथे कुणी नेलं-आणलं नाही तर खरंच घरात अडकून पडायला होतं. खुद्द शिकागो शहराचं तसं नाही. तुमची पुरवणी वाचून इथे येणारे आईवडील शनिवारची वाट बघत खिडकीशी बसून राहिले तर ते मला पाहवणार नाही, म्हणून हे पत्र.

नोकरीची सगळी वर्षं पत्ते वाचण्यात गेली, त्यामुळे कुठल्याही गावात माझं पहिलं लक्ष घरांच्या नंबरांकडे जातं. शिकागोचे नंबर बघून मी हरखूनच गेले. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो या शहराचा शून्य. तिथून उत्तरेला, दक्षिणेला, पूर्वेला, पश्चिमेला नंबर वाढत जातात, मैलाला आठशे या हिशेबाने. म्हणजे फुलर्टन अव्हेन्यू २४०० नॉर्थ, तर मॅडिसनपासून तीन मैल. बेलमाँट ३२००, चार मैल. आपल्या लोकांचा आवडता डेव्हन अव्हेन्यू ६४००, आठ मैल. (दक्षिणेकडचे पहिले तीन मैल या हिशेबात बसत नाहीत, तिथे जुने रस्ते आडवे आले असणार. एकतिसाव्या रस्त्यापासून गाडी पुन्हा रुळावर येते.) सम नंबर रस्त्याच्या उत्तर आणि पश्चिम बाजूला, विषम समोरच्या बाजूला. कोपऱ्यावरच्या पाटीवर रस्त्याच्या नावाबरोबर हा आकडा असतो, ‘एल’च्या, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेच्या, स्टेशनांवरही असतो. डब्यातून बाहेर पडलं की आपण शून्यापासून किती लांब आलो ते कळतं. फोनची बॅटरी संपली तरी माणूस हरवत नाही.

हे आधीपासून असं नव्हतं. १८८९ साली आजूबाजूची गावं शहरात सामील झाली, तेव्हा एकाच नावाचे कितीतरी रस्ते शहरात होऊन बसले. तेव्हाच्या पोस्टमनच्या हालांची मला चांगली कल्पना येते. हा गुंता सोडवायचा ध्यास एडवर्ड ब्रेनन नावाच्या एका साध्या नागरिकाने घेतला आणि वर्षानुवर्षं महापालिकेच्या मागे लागून १९०९ मध्ये ही पद्धत लागू करायला लावली. शहराचा पुतळ्यांवरचा खर्च बघता या माणसाचा एखादा पुतळा व्हायला हरकत नव्हती.

आता डेव्हन. लेखात तिथल्या जेवणाचंच कौतुक आहे. बसने कसं जायचं याचा पत्ता नाही. ‘एल’च्या रेड लाइन या मार्गावरच्या लॉयोला स्टेशनवर उतरून १५५ नंबरची बस घ्यायची. चढताना त्रास होतो असं दिसलं तर ड्रायव्हर बसचा पुढचा भाग फुटपाथच्या बाजूला खाली झुकवतो. गुडघ्यांसाठी हे वरदान आहे. एकदा एक आजीबाई काठी आणि पिशवी सावरत जागेपर्यंत पोचेस्तोवर आमच्या ड्रायव्हर बाईंनी गाडी हलवली नाही, मागून हॉर्न वाजत होते तरी. उतरायचं असलं की खिडकीवरची दोरी ओढायची. डेव्हनवर उतरलात की दुकानांआधी खांबांवरच्या तपकिरी पाट्या वाचा. एकाच रस्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांना गांधी, जिना, बांगलादेशचे शेख मुजीब आणि इस्रायलच्या माजी पंतप्रधान गोल्डा मायर यांची मानाची नावं दिलेली आहेत. चौघांना एका रस्त्यावर गुण्यागोविंदाने नांदवणारं दुसरं गाव मला माहीत नाही.

एक दुरुस्तीही सुचवते. स्वामी विवेकानंदांच्या भाषणाची ‘वास्तू आता राहिलेली नाही’ असं लेखात म्हटलं आहे. तेव्हाचं तात्पुरतं सभागृह गेलं, इमारत जागेवर आहे. मिशिगन अव्हेन्यूवर दारात दोन सिंह असलेलं आर्ट इन्स्टिट्यूट ते हेच. ११ सप्टेंबर १८९३ ला सर्वधर्मपरिषद याच इमारतीत सुरू झाली, आणि समोरच्या रस्त्याला स्वामीजींचं नावही दिलेलं आहे. तिथून चार पावलांवर मिलेनियम पार्कमधला तो चकचकीत ‘बीन’ हे शिल्प आहे, ज्याच्यापुढे लेखकाने सहकुटुंब फोटो काढला. तो घडवणारे अनिश कपूर मुंबईत जन्मले. विलिस टॉवरच्या लिफ्टची रांग लेखात दोन परिच्छेद पुरली, पण हा ११० मजली मनोरा ज्यांच्या गणितावर उभा आहे ते इंजिनिअर फझलूर खान ढाक्याचे, याला एक ओळ मिळाली नाही.

‘दक्षिणेकडे फिरकू नका’ हा सल्ला लेखात आहे, आणि इथली आपली मंडळीही तो येता-जाता देतात. त्यातले निम्मे स्वतः कधी गेलेले नसतात. काही भाग खरोखरच टाळावेत असे आहेत, आणि रात्री उशिरा रिकाम्या डब्यात बसू नये हेही खरं. पण म्हणून अर्धं शहर नकाशावरून पुसायचं? मी दिवसाउजेडी ३ नंबरच्या बसने किंग ड्राइव्हवर गेले. सव्विसाव्या रस्त्याजवळ एक ब्राँझचा पुतळा उभा आहे. एका हातात दोरीने बांधलेली सूटकेस, दुसरा हात वर. जवळ गेल्यावर दिसलं की त्याच्या अंगावरचा सूट कापडाचा दाखवलेलाच नाही. झिजलेल्या बुटांचे तळवे एकावर एक बसवून केलेला आहे. विसाव्या शतकात दक्षिणेकडच्या राज्यांतला जाच सोडून जे लाखो कृष्णवर्णीय उत्तरेत आले, त्यांतल्या शिकागोला आलेल्यांनी हाच ब्राँझव्हिलचा परिसर वसवला. मी बराच वेळ तिथे उभी होते. कुणी त्रास दिला नाही. एका गृहस्थांनी ‘फोटो काढून देऊ का’ एवढं विचारलं.

थंडीचं सांगायचं राहिलं. ‘एल’च्या फलाटांवर हिवाळ्यात बटण दाबलं की डोक्यावरचे तापदिवे लागतात. त्यांच्याखाली उभं राहायचं, मात्र कबुतरांनाही ही सोय ठाऊक असते, तेव्हा डोक्यावर टोपी हवी.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी परदेशी शहरावरचा लेख छापताना शेवटी एक छोटी चौकट द्यावी: कुठली बस, कुठे उतरायचं, शेवटची गाडी किती वाजता. शिकागोच्या चौकटीत रेड आणि ब्लू लाइन चोवीस तास धावतात आणि ब्लू लाइन थेट ओहेअर विमानतळाच्या पोटात जाते, एवढं लिहिलंत तरी पुष्कळांचं काम होईल. हॉटेलांची यादी थोडी आखूड केली तर जागाही निघेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
(सध्या मुक्काम शिकागो)