शेकरूच्या मागे गेलो नव्हतो

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, शिडी घाट की गणेश घाट?’ आणि मी ‘लिहून पाठवतो’ म्हणालो, तर हसलीस. हस. पण फोन ठेवता ठेवता मैत्रिणीला जे सांगितलंस ना, ‘आमच्या बाबांना भीमाशंकरचं जंगल पाठ आहे’, ते मला ऐकू आलं. हे पत्र खरं तर त्या वाक्यासाठी आहे. पण आधी वाट सांगतो, नाहीतर तू पुढचं वाचायची नाहीस.

कर्जतहून कशेळेमार्गे खांडस. तिथून थोडं चाललं की पूल लागतो आणि तिथेच दोन वाटा फुटतात: डावीकडची शिडीची, उजवीकडची गणेश घाटाची. तुम्ही उजवीकडची धरा. शिडी घाट लवकर वर नेतो हे खरं, तुझे मित्र तेच सांगतील. त्यात शिड्यांची मला एवढी भीती नाही; लोखंडाला धरून माणूस चढतो. दोन शिड्यांच्या मधे कातळाला चिकटून आडवं सरकायचं असतं, ती जागा मला आवडत नाही. पावसाळ्यानंतर शेवाळ सुकलं असं वाटतं आणि नेमकं सावलीतलं ओलंच असतं. तुमच्यात दोघंजण पहिल्यांदाच येतायत म्हणालीस ना? मग विषय संपला.

गणेश घाट लांबचा आहे, पाच-सहा तास धरून चाला. वाटेत गणपतीचं देऊळ लागेल. पुढे पदरगडाचे सुळके जवळ येतात आणि बराच वेळ हलतच नाहीत, कितीही चाला. तिथे कंटाळू नका. दोन्ही वाटा पठारावर एकत्र येतात, तिथे झोपड्यांत चहा आणि लिंबूसरबत मिळतं. सरबत प्याच. त्या माणसांचा दिवसाचा धंदा तेवढाच असतो, आणि शेवटचा रानातला उभा चढ अजून बाकी असतो.

त्या चढावर शिरलात की उजेडच बदलतो. अंजन, जांभूळ, आंबा, हिरडा, पिसा यांची झाडं अशी गच्च की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. गारंबीच्या वेली मनगटाएवढ्या जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या, आणि त्यांच्या शेंगा हातभर लांब. लहानपणी तू त्या शेंगेला तलवार म्हणाली होतीस. पावसाळ्यात याच रानात कुजक्या फांद्यांवरची बुरशी अंधारात हिरवट उजळते. मी एकदाच पाहिलंय, टॉर्च विझवून दहा मिनिटं उभं राहिल्यावर. तुम्हाला आता नोव्हेंबरात काही दिसायचं नाही, त्यासाठी रात्री थांबू नका.

आता ते दुसरं.

२००९ चा मे. तू दहा वर्षांची. आपण दोघंच गेलो होतो, आईला लग्नाला जायचं होतं म्हणून. सकाळी नागफणीवर जाऊन आलो, खाली कोकण आणि पायाशी पदरगड बघितला. दुपारी साक्षीविनायक करून गुप्त भीमेला गेलो, तिथे धार करंगळीएवढी होती आणि तू ‘एवढीशी? हीच पंढरपूरला जाते?’ असं विचारलंस. परत येताना मी म्हणालो, आल्या वाटेने कशाला, या बाजूने गेलं की थेट देवळामागे निघू. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. माझी दिशा पक्की आहे असं मला वाटायचं. बँकेतले लोक ट्रेकला माझ्या मागे चालायचे, त्याचा तो परिणाम.

वीसेक मिनिटांत वाट बारीक झाली. मग दोन झाल्या. मग चार. मेमध्ये पाचोळा एवढा पडलेला असतो की सगळं रानच वाटेसारखं दिसतं. मी ‘इकडून’ म्हणत राहिलो. तासाभराने एक वारूळ दिसलं, त्याच्या शेजारी वाकडं जांभळाचं झाड. तेच वारूळ आपण आधीही पाहिलं होतं. गावाकडे याला चकवा लागला म्हणतात, आणि सोपा उपाय सांगतात की खाली बसावं, पाणी प्यावं, मग उठावं. मी बसलो नाही. तुझ्यासमोर बसलो तर तुला कळेल असं वाटलं.

तू विचारलंस, ‘बाबा, आपण कुठे चाललोय?’ आणि मी म्हणालो, ‘शेकरू शोधायला.’

मनू, ती सगळी थापेबाजीच होती. पुढचे दीड-दोन तास तू मान वर करून घरटी मोजत होतीस. मी तुला सांगत होतो की शेकरू, म्हणजे ती मोठी रानखार, एकाच घरट्यावर थांबत नाही, काटक्या-पानांचे गोळे जवळजवळच्या झाडांवर बांधून ठेवतं, जमिनीवर सहसा उतरत नाही, महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, आणि १९८५ मध्ये हे अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठीच. ही माहिती खरी होती. पण बोलत होतो ते माझं तोंड कोरडं पडलंय हे तुला कळू नये म्हणून. बाटलीत पाणी चार बोटं उरलं होतं. ते मी तुला ‘मला तहान नाही’ म्हणून दिलं, तेवढी एक गोष्ट मात्र बरी केली.

आणि मग ते खरंच दिसलं. आधी डोक्यावरून टकटकटक असा आवाज, कुणी लाकडाची खुळखुळी जोरात हलवावी तसा. तांबूस पाठ, फिकट पोट, शेपूट फांदीवरून खाली सोडलेलं, टोकाला पांढुरकं. त्याने आपल्याकडे बघून आणखी एकदा आरडाओरडा केला आणि पलीकडच्या झाडावर अशी उडी घेतली की मधे नुसती हवा. तू माझा हात इतका घट्ट धरलास. शाळेत त्यावर निबंध लिहिलास, ‘मी आणि बाबा शेकरूच्या शोधात’. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. मी तो अजून कपाटात ठेवलाय आणि आजवर एकदाही पुन्हा वाचलेला नाही.

त्या मावशी आठवतात का तुला? निबंधात त्या नव्हत्या. शेकरू गेल्यावर थोड्या वेळाने खालून खोकल्याचा आवाज आला. बाळहिरडा वेचत होत्या. उन्हाळ्यात कोवळी फळं वेचून अंगणात सुकवतात, काळी कुळकुळीत होतात, तो तिथल्या महादेव कोळी घरांचा वर्षाचा मोठा आधार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, ‘चुकलायसा जणू.’ मी म्हणालो, नाही, जरा फिरत होतो. त्या हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, ‘ही ढोरवाट हाय. माणसाच्या वाटंवर वाकावं लागत न्हाय.’

मी तिथेच थांबलो, कारण गेला तासभर मी फांद्यांखालून वाकूनच चाललो होतो. गुरं छातीएवढी उंच, त्यांच्या अंगाने झुडपं तेवढीच मोडतात. वरचं तसंच राहतं. माणसांच्या पायवाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळं असतं, दगड गुळगुळीत झालेले असतात, मुळं पायांनी घासून चमकतात. आणि ढोरवाटा फुटत जातात, चरायला गेलेलं जनावर सरळ कशाला जाईल? इतकी वर्षं रानात हिंडून हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा मी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या पुढे, आपण मागे. पंधरा मिनिटांत देवळाच्या घंटा ऐकू आल्या, एवढे जवळ होतो आपण. मी खिशातून शंभराची नोट काढली. त्यांनी हात नुसता बाजूला केला आणि म्हणाल्या, ‘त्यापरीस हे डोक्यावं द्या.’ हिरड्याचं पोतं. मी दोन हातांनी उचललं ते गुडघ्यापर्यंतच आलं. दुसऱ्या खेपेला त्या स्वतःच वाकल्या, एका झटक्यात डोक्यावर घेतलं आणि गेल्या. नाव विचारायचं राहिलंच.

तर जंगल मला पाठबिठ नाही. तू मित्रांना काय सांगायचं ते सांग, पण चढताना सतत वाकावं लागायला लागलं तर मागे फिर. शेवटची ओळखीची खूण, बाणाचा दगड, झोपडी, काहीही, तिथपर्यंत सरळ मागे. ‘थोडं पुढे जाऊन बघू’ असं कुणी म्हणालं तर तो मुलगा माझ्यासारखा आहे असं समज. गुरं राखणारा किंवा लाकूडफाटा नेणारी बाई भेटली तर विचार, ‘फिरतोय’ म्हणू नकोस.

पाणी माणशी तीन लिटर. वर रेंजचा भरवसा नाही, म्हणून खांडसहूनच फोन कर. उतरायच्या भानगडीत पडू नका, वरून एसटी धरा आणि मंचरमार्गे घरी या. आईने डिंकाचे लाडू करायला घेतलेत.

तिला हे पत्र दाखवू नकोस. सोळा वर्षं झाली, ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला शेकरूची गोष्ट सांगते. पत्र टाकायला तीच जाणार आहे, म्हणून पाकीट दोनदा चिकटवलंय.

तुझा,
बाबा