मंत्रीसाहेब, अनुदानाच्या याद्या चावडीवर लावा

मा. मदत व पुनर्वसन मंत्री साहेब,
स.न.वि.वि.

सप्टेंबर 2025 च्या पुरात सिंदफणा नदी आमच्या चार एकरातून वाहिली. सोयाबीन काढणीला आलेलं, ते पाण्यात राहून शेंगातच दाण्याला कोंब फुटले अन् नदीकडच्या अंगाची माती तर पार मुरूम उघडा पडेपर्यंत गेली, मोटार गेली, पाईप गेले. पंचनाम्याला माणसं आली, मला बांधावर उभा करून फोटो काढला, सही घेतली. नक्कल मागितली तर म्हणले ऑनलाईन दिसंल.

परवा खात्यावर अतिवृष्टीच्या अनुदानाचे पैसे पडले. 3400 रुपये. चार एकर म्हणजे 1 हेक्टर 60 आर, जिरायतीला हेक्टरी 8500 हा सरकारचाच दर, त्या हिशोबानं 13600 होतात. तहसीलला गेलो तर ऑपरेटर म्हणला तुमचं क्षेत्र 40 आरच लागलंय. कुणी लावलं, कशावरून लावलं, कुणीच सांगंना. त्याच्या स्क्रीनवर आमच्या गावची यादी उघडी होती अन् त्यात अशा माणसाचं नाव मी माझ्या डोळ्यानं बघितलं ज्यानं सगळी जमीन कवाच विकलीय अन् पुण्यात राहायला गेलाय. ह्याला कसे काय पैसे म्हणून विचारलं तर यादी बंद केली, म्हणे खाजगी माहिती आहे.

खाजगी कशी काय साहेब? पैसा सरकारी तिजोरीतला आहे. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4 काढून बघा, अनुदान किती अन् लाभार्थी कोण ते कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचंय, कुणी अर्ज करायची वाट बघायची नाही. पीएम किसानची गावनिहाय यादी वेबसाईटवर आहे, रोजगार हमीवर राबलेल्या बाईला किती मजुरी मिळाली तेबी नावानिशी दिसतं, मग अतिवृष्टीचीच यादी का लपवायलेत?

लपवल्यावर काय होतं ते जालना जिल्ह्यात दिसलंच की. अंबड अन् घनसावंगी तालुक्यात ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यांच्या खात्यावर अतिवृष्टीचं अनुदान गेलं, कोट्यवधींचा घोटाळा निघाला, तलाठी निलंबित झाले. पण पैसे गेल्यावर! तीच यादी वाटपाच्या आधी चावडीवर लागली असती तर शाळेतल्या पोरानं पण सांगितलं असतं की ह्या माणसाला रान कुठंय. कुणाचा बांध कुठवर आहे हे गावाला पाठ असतं.

आमच्याकडून मात्र तुम्हाला सगळं पाहिजे. आधार द्या, केवायसी करा, फार्मर आयडी काढा, ई-पीक पाहणीचा फोटो टाका, आमच्या आईच्या बोटाचे ठसे खुरपून खुरपून झिजलेत, मशीन घेत नाही, तिला घेऊन सेतूवर दिवसदिवस बसायचं. एक रुपयात पीक विमा होता, बोगस अर्ज आले म्हणून 2025 च्या खरिपापासून तो बंद केला. बोगस भरणारे कोण होते ती नावं कुठं लावली का? नाही. आता हप्ता आम्ही भरायलो. 31628 कोटींचं पॅकेज टीव्हीवर ऐकलं, खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार ऐकलं, माझ्या मुरमावर अजून कुणी फिरकलेलं नाही. दरवेळी चोर वेगळा अन् शिक्षा कोरडवाहूवाल्याला, हे किती वर्षं चालायचं?

आमचं म्हणणं एवढंच आहे. वाटपाच्या आधी नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र अन् रक्कम एवढ्या चार गोष्टी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, ग्रामसभेत वाचून दाखवा, हरकतीला आठ दिवस द्या. खाते नंबर अन् आधार नंबर कुणी मागितलेला नाही. रब्बीच्या बियाणं-खताचे हेक्टरी 10 हजार सांगितलेत त्याची यादी पण तशीच लावा, नाहीतर तिथंबी माझे 40 आरच धरतील. अन् माझ्या पंचनाम्याची नक्कल द्यायला लावा, अर्ज तहसीलला देऊन ठेवलाय, त्याची पोच माझ्याकडं आहे.

आपला,
सिंदफणाकाठचा एक शेतकरी, जि. बीड