मन्या, ड्रोनच्या स्टिकांबद्दल

प्रिय मन्या,

सेसना १७२ हे छोटं विमान शिकणाऱ्या माणसाला ड्रोन अवघड जातोय यात नवल काहीच नाही, तुझे हात बरोबर शिकलेत पण वेगळ्या मशीनवर. तिथे डाव्या सीटवर डाव्या हातात योक (विमानाचं स्टिअरिंग), उजव्यात थ्रॉटल (इंजिनाचा जोर), रडर (नाक डावं-उजवं वळवणारी शेपटीवरची पट्टी) पायाशी. ड्रोनचा रिमोट येतो मोड २ मध्ये, म्हणजे डाव्या स्टिकवर थ्रॉटल (वर-खाली) आणि यॉ (नाक डावं-उजवं वळवणं), उजव्या स्टिकवर पिच (पुढे-मागे झुकणं) आणि रोल (डावी-उजवीकडे झुकणं). तुझ्या हातांची पूर्ण अदलाबदल, वर पायांचं काम डाव्या अंगठ्याला! सेटिंगमध्ये मोड ३ घेतलास तर योकचं काम डावीकडे येतं, अगदी तुझ्या सवयीसारखं, पण घेऊ नकोस असं माझं ठाम मत आहे, कारण आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वरच उडवतात आणि उद्या दुसऱ्याचा रिमोट हातात आला की पंचाईत होईल. (जपानमध्ये मोड १ फार चालतो, तिथे पिच डावीकडे आणि थ्रॉटल उजवीकडे.)

पण खरी गोची हातांची नाहीये रे. विमानात योक पुढे ढकललं की नाक खाली जातं आणि तू उतरायला लागतोस. ड्रोनला उजवी स्टिक पुढे दिलीस तर तो पुढे झुकून सुसाट पुढे पळतो, उंची तेवढीच. म्हणजे झाडाजवळ खाली उतरवायच्या नादात अंगठा पुढे गेला तर सरळ फांदीत. खाली यायचं तर डावी स्टिक खाली, बस. आणि कॅमेरा ड्रोनवर ती मधे सोडलीस की आहे त्या उंचीवर थांबतो, तिथे विमानासारखा स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, प्रश्न नाही, कारण त्याला पंखच नाहीत, चार मोटरींच्या जोरावर तरंगतोय. खरं तर हा हेलिकॉप्टरचा भाऊ.

वळणाचंही तसंच, नुसता यॉ दिलास तर जागच्या जागी गिरकी घेतो. पुढे जाताना रोल आणि यॉ एकाच बाजूला थोडा थोडा दे, छान गोल वळण येतं, तुझं एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) आणि रडरचं कोऑर्डिनेशन इथे भारी कामी येईल बघ.

सुरुवातीला ड्रोनची शेपटी तुझ्याकडेच ठेव, तोंड तुझ्याकडे झालं की डावं-उजवं उलटं दिसतं. आणि धावपट्टीच्या आसपास अजिबात काढू नकोस, आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-वेबसाइटवर झोन (कुठे उडवता येतं ते) बघ.

रविवारी मोकळा असशील तर कळव, मी येतो.

तुझाच,
पक्या