झिरो माइलवरून माल्टाला

नागपूर,
१४ मे

प्रिय विज्या,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस आणि ही गोष्ट दोन वाक्यांत मावणारी नाही. बाहेर ४५ अंश आहे, कूलरचा पंप मधूनमधून रुसतो, वाळ्याच्या ताट्या एका बाजूने खडखडीत कोरड्या. अशा दुपारी दुसरं करण्यासारखं काही नाही, म्हणून बसलो लिहायला.

मुद्दा आधी सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माल्टाला, भूमध्य समुद्रातल्या चिमुकल्या बेटांच्या देशाला, जायचं म्हणतोय. आईसकट. आणि तू, वहिनी, दोन्ही पोरं बरोबर असावीत असं मनात आहे. ‘माल्टा काहून बे?’ हे तू विचारणारच, तर ऐक.

आधी बेत युरोप टूरचा होता. बर्डीवरच्या एका टूरवाल्याकडे वीस हजार टोकन भरून आलो. सात दिवसांत पाच देश! घरी येऊन कागद नीट वाचला तर रोज सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर. आईच्या गुडघ्यांना आपल्या घरचे आठ दादरे चढायला पाच मिनिटं लागतात. रद्द करायला गेलो तर तो म्हणाला, टोकन परत मिळत नसतं साहेब. तीन चकरा मारल्या, मग नाद सोडला. ते वीस हजार गेले समज. बायको अजून दर शनिवारी आठवण करून देते.

मग पोरीने जगाचा नकाशा खाली अंथरला. विचारते, ‘बाबा, भूमध्य म्हणजे जमिनीच्या मधला ना?’ म्हटलं, हो. ‘मग जमिनीच्या मध्ये तर आपण आहोत.’ देशाचा मध्य मानतात त्या झिरो माइलच्या खांबाशेजारून रोज ऑफिसला जाणारा माणूस यावर काय बोलणार? समुद्र गाठायचा तर आपल्याला रात्रभर गाडीत बसावं लागतं. तेव्हा ठरलं की एकच बेट, एकच घर, आणि आईला रोज संध्याकाळी पाण्याकाठी बसता आलं पाहिजे.

सिसिली फार मोठं. क्रीट तर लांबीलाच २६० किलोमीटर, क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या नागपूर जिल्ह्याएवढं. म्हणजे पुन्हा गाडीतच दिवस जायचे. माल्टा हा अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटरचा. आपल्या जिल्ह्यात असे तीस देश बसतील. इंग्रजी तिथली राजभाषा, त्यामुळे आईचं औषध मागायला हातवारे नकोत. इंग्रजांनी १९६४ पर्यंत राज्य केलं, म्हणून गाड्याही डावीकडून चालतात आणि प्लगही इंग्रजी पद्धतीचे, तीन चपट्या पिनांचे. गाडी तूच चालव, मी तुला रस्ता चुकवायला शेजारी बसतो.

तिथली भाषा हे एक अजबच प्रकरण आहे. मूळ अरबी वळणाची, पण लिहितात रोमन लिपीत. किताबला ‘क्तीब’, दुनियेला ‘दिन्या’. लोक पक्के कॅथलिक, आणि देवाला म्हणतात ‘आल्ला’! आईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘बरं आहे की, देवाला सगळं समजतं.’

बघायचं काय, यावर घरात रोज वाद होतो. बायकोला राजधानी व्हॅलेटाच्या सेंट जॉन्स को-कॅथीड्रलमधलं काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं चित्र पाहायचं आहे, १६०८ मधलं. पोराला मोस्टाचं चर्च. ९ एप्रिल १९४२ ला जर्मन विमानातला बॉम्ब त्या घुमटातून आत पडला, खाली अडीचशेच्या वर माणसं होती, आणि तो फुटलाच नाही. ‘का नाही फुटला?’ हे तो आठ दिवस विचारतोय. पोरीला तिथल्या लोकांचं आवडतं जेवण कळलं, ससा. तेव्हापासून तिने देशावर अर्धा बहिष्कार टाकलाय. आपल्यासाठी ‘पास्तिझी’ आहेत, पापुद्र्यांच्या करंज्या, आत चीज नाहीतर मटार. पापुद्र्यात चरबी कसली घातली ते मात्र आईसाठी आधी विचारून घ्यावं लागेल.

माझं सांगू? तुला जुनापाणी आठवतं? अकरावीत आपण काटोल रोडने सायकली हाणत गेलो होतो, तुझी चेन दोनदा उतरली होती, आणि गवतात ती प्राचीन थडग्यांभोवतीची शिळावर्तुळं बघून तू म्हणालास, ‘हे एवढंच?’ तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत रे तिथे, रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहून ठेवलंय. मी तेव्हापासून दगडांच्या नादी लागलो. माल्टाच्या शेजारच्या गोझो बेटावर ‘ज्गंतिया’ची देवळं आहेत, इजिप्तच्या पिरॅमिडांहून हजार वर्षं जुनी. धातूचं हत्यार नाही आणि एवढाले दगड उभे केलेत. लोक म्हणत, एका राक्षसिणीने बांधली, मूल काखेत घेऊन. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात, तसंच. गोझोला गाड्या नेणारी फेरी पंचवीसेक मिनिटांत पोचवते. जाताना तिकीट विचारत नाहीत, पैसे परततानाच घेतात. आई म्हणाली, ‘म्हणजे परत यायचं नसेल तर फुकट.’

आणि हाल साफ्लियेनी. जमिनीखाली खडक कोरून केलेली तीन मजली दफनभूमी. माणसांच्या श्वासाने आतला रंग खराब होतो म्हणून एका वेळी फक्त १० माणसं आत सोडतात. तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, म्हणजे तुझा धाकटा बाहेर. आई म्हणते, मी बसते त्याच्याजवळ, मला कुठे खाली उतरायचंय.

आता महिन्याचं. मी आधी मेच धरून बसलो होतो, नागपूरच्या माणसाला मेमधून पळायचंच सुचतं. पण समुद्राचं पाणी आपल्या माठासारखं, सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. मेमध्ये ते १८ अंशांच्या आसपास, पोरं दोन मिनिटांत काकडून बाहेर येतील. दिवाळीच्या सुमाराला हवा गार झालेली, पण पाण्यात उन्हाळा शिल्लक असतो. खोट एवढीच की तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि त्याची सुरुवात नेमकी तेव्हाच. एखादी-दुसरी सर सोसू. वर्षभर पाऊसही काही फार नाही, देशात एक नदी नाही. पिण्याचं पाणी बरंचसं समुद्राचं मीठ काढून करतात. नाग नदीला नावं ठेवणाऱ्या तुला हे मुद्दाम सांगतोय.

कागदपत्रांचं थोडक्यात: शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच), मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या पोरांना ४५. माणशी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. अर्ज प्रवासाच्या आधीच्या सहा महिन्यांतच करता येतो, त्याआधी नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जाऊ, तेव्हा तुम्ही पुण्याहून या, एक जेवण तिथेच होईल. आईच्या पासपोर्टवर आडनाव एका तऱ्हेने आणि बँकेच्या पासबुकावर दुसऱ्या तऱ्हेने आहे, ते निस्तरतोय.

खरं कारण आता लिहितो. आईने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याला, २००३ मध्ये. चपला काठावर काढून ती पाण्यात उभी राहिली, भरती चढली आणि एक चप्पल गेली. उरलेली एक तिने घरी आणली. अजून आहे, माळ्यावर, निळ्या पट्ट्याची, तळव्यावर अंगठ्याचा खड्डा पडलेली. बाबा होते तेव्हा. त्यांनी तिला स्वतःच्या चपला दिल्या आणि एस.टी. स्टँडपर्यंत अनवाणी चालले. ती ही गोष्ट हसत सांगते, पण चप्पल टाकू देत नाही.

परवा नकाशावर बोट ठेवून विचारत होती, ‘हा समुद्र पण चपला नेतो का रे?’ मी शोधून काढलं. अटलांटिकशी जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटरची, तेवढ्यातून मोठी भरती आत शिरत नाही. लाटा असतात, पण माल्टाला भरती-ओहोटीतला फरक असतो साधारण वीतभर. तिने स्वतःची वीत पसरली, जमिनीवर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘एवढंच? मग काढते चपला.’

रविवारपर्यंत कळव. घर पाच माणसांचं घेऊ की नऊ, ते अडलंय. वहिनींना नमस्कार, पोरांना पापे. आईने तुला गोळाभाताचं आमंत्रण दिलंय, पण या उन्हात येऊ नकोस.

तुझा,
बंड्या